सेंद्रिय सौर घट कसे छापावेत: पहिल्या काचेपासून स्लॉट-डायपर्यंत

सेंद्रिय सौर घटाचे द्रावण तयार करता येते, स्पिन कोटर (काच गरगर फिरवून थर पसरवणारे यंत्र) चालवता येतो, पण ब्लेड (पाते ओढून थर लावणे) किंवा स्लॉट-डायकडे (अरुंद फटीतून शाई सोडणे) वळल्यावर थर मनासारखा पडत नाही, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हा लेख आहे. अगदीच नवीन असाल तरी चालेल. पायऱ्या क्रमाने करत गेलात तर अडणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. शाई पसरवणे हा या कामातला सोपा भाग आहे. किती जाडीचा ओला थर पडेल, ते कागदावर हिशेब करून सांगता येते. अवघड असतात ते त्यानंतरचे काही सेकंद. सक्रिय थर म्हणजे डोनर (इलेक्ट्रॉन देणारा) आणि अ‍ॅक्सेप्टर (तो घेणारा) या दोन पदार्थांचे मिश्रण. प्रकाश पडल्यावर तयार होणारा एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा यांची बांधलेली जोडी, साधारण १० नॅनोमीटर सरकतो आणि विझून जातो. म्हणून या दोन पदार्थांची एकमेकांत गुंतलेली जाळी १० ते २० नॅनोमीटर इतकी बारीक लागते. द्रावक उडून जाताना ही जाळी आपोआप घडते. ती हाताने घडवता येत नाही, फक्त वाळण्याचा वेग ताब्यात ठेवता येतो. खालच्या बहुतेक सूचना शेवटी याच मुद्द्याशी येतात.

१. आधी रचना ठरवा

घटाच्या थरांचा क्रम दोन प्रकारे लावतात. सरळ रचनेत काचेवरच्या आयटीओवर (इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर) पेडॉट-पीएसएस (वीजवाहक पॉलिमर), मग सक्रिय थर, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थर आणि वर अ‍ॅल्युमिनियम येते. उलट्या रचनेत आयटीओवर झिंक ऑक्साइड, मग सक्रिय थर, मॉलिब्डेनम ऑक्साइड किंवा पेडॉट-पीएसएस, आणि वर चांदी.

छपाईकडे जायचे असेल तर पहिल्या दिवसापासून उलटी रचनाच घ्या. अ‍ॅल्युमिनियम हवेत लवकर खराब होते आणि ते छापताही येत नाही. चांदी पेस्टच्या रूपात छापता येते. शिवाय पेडॉट-पीएसएस चांगलेच आम्लधर्मी असते (पीएच १ ते २), त्यामुळे ते थेट आयटीओवर बसले की हळूहळू आयटीओला खाते. उलट्या रचनेत ही कटकट राहत नाही.

पदार्थांपैकी हात बसवायला पी३एचटी (डोनर पॉलिमर) आणि पीसीबीएम (अ‍ॅक्सेप्टर) घ्या. या जोडीची कार्यक्षमता ३ ते ४ टक्क्यांच्या पुढे फारशी जात नाही, पण थर १०० नॅनोमीटरचा पडो की २५० चा, घट चालतो. पीएम६ (डोनर पॉलिमर) आणि वाय६ (अ‍ॅक्सेप्टर) ही जोडी २०१९ साली १५.७ टक्क्यांसह पुढे आली. आज तिच्या कुळातल्या पदार्थांनी १९ टक्के ओलांडले आहेत. मात्र ही मंडळी जाडी, तापमान आणि द्रावक या तिन्ही बाबतींत हट्टी आहेत. ब्लेडचा हात बसलेला नसताना हे महागडे पदार्थ खर्च करू नका.

२. सामान जमवा

• आयटीओ लावलेल्या काचा, पृष्ठरोध १० ते १५ ओहम प्रति चौरस, आयटीओ पट्टीच्या आकारात कोरलेला
• अल्ट्रासोनिक बाथ, डिटर्जंट, अतिशुद्ध पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, यूव्ही-ओझोन क्लीनर
• ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, तपकिरी काचेच्या झाकणबंद बाटल्या, तापवता येणारा मॅग्नेटिक स्टरर
• ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर: सेंद्रिय द्रावकांसाठी पीटीएफई, पाण्यातल्या शाईसाठी पीव्हीडीएफ
• रबरी दट्ट्या नसलेल्या सिरिंज
• ब्लेड कोटर किंवा निदान तापमान धरणारी सपाट प्लेट आणि एकसमान वेगाने सरकणारा हात
• स्लॉट-डाय हेड, शिम (हेडमधली फट ठरवणारी पातळ पत्री), सिरिंज पंप (सातव्या पायरीपर्यंत लागणार नाही)
• हॉटप्लेट दोन, आणि प्लेटचा पृष्ठभाग मोजायला वेगळा थर्मोकपल
• जाडी मोजायला प्रोफायलोमीटर
• सोलर सिम्युलेटर (कृत्रिम सूर्यप्रकाश देणारा दिवा), सोर्स-मेजर युनिट (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारे यंत्र) आणि प्रकाश ठराविक भागावरच पडू देणारा धातूचा मास्क
• यूव्हीने घट्ट होणारे इपॉक्सी आणि झाकायच्या काचा

दोन वस्तूंकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. पहिली सिरिंज. रबरी दट्ट्याला सिलिकॉन तेल लावलेले असते. क्लोरोफॉर्म किंवा झायलीन ते सहज सोडवून घेते, आणि मग थरात गोल गोल भोके पडतात ज्यांचा उगम दिवसभर शोधूनही सापडत नाही. दुसरी वस्तू थर्मोकपल. हॉटप्लेटच्या पडद्यावर ६० अंश दिसत असताना काचेच्या वरच्या बाजूला ५२ असणे अगदी शक्य आहे. वाळण्याचा वेग ठरतो तो काचेवरच्या तापमानाने, पडद्यावरच्या आकड्याने ठरत नाही.

सुरक्षिततेचे दोन शब्द. क्लोरोफॉर्म साध्या नायट्राइल हातमोज्यांतून फार पटकन आरपार जातो; थेंब सांडला की मोजा तत्काळ बदला. झिंक ऑक्साइडच्या कृतीत येणारे २-मेथॉक्सीइथेनॉल प्रजननक्षमतेला घातक आहे. ही कामे फ्यूम हूडमध्येच करा, उघड्या टेबलावर कधीच नको.

३. काच स्वच्छ करा

क्रम ठरलेला आहे: डिटर्जंटचे पाणी, अतिशुद्ध पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल. प्रत्येकात अल्ट्रासोनिक बाथमध्ये १० ते १५ मिनिटे. मग नायट्रोजनच्या झोताने कोरडी करा आणि यूव्ही-ओझोनमध्ये १५ ते २० मिनिटे ठेवा. काचा एकमेकींना चिकटून उभ्या राहू देऊ नका, मधली बाजू धुतलीच जात नाही.

खात्री करायची सोपी रीत: काचेवर पाण्याचा थेंब सोडा. तो चपटा होऊन पसरला तर काच तयार आहे. मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. यूव्ही-ओझोननंतरचा हा परिणाम टिकत नाही, म्हणून अर्ध्या तासाच्या आत पहिला थर लावून टाका.

सक्रिय थर १०० नॅनोमीटरचा आहे, आणि हवेतला धुळीचा कण सहज काही हजार नॅनोमीटरचा असतो. एक कण खाली राहिला की वरची चांदी आणि खालचा आयटीओ तिथे भेटतात. शॉर्ट झालेल्या घटांपैकी बरेचसे या पायरीवरच शॉर्ट झालेले असतात.

४. झिंक ऑक्साइडचा थर

१ ग्रॅम झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट, ०.२८ ग्रॅम इथेनॉलअमाइन, १० मिलिलिटर २-मेथॉक्सीइथेनॉल. रात्रभर ढवळा, गाळा. ४००० आरपीएमवर स्पिन करा, संपर्काच्या कडा ओल्या असतानाच पुसून घ्या, आणि हवेत २०० अंशांवर अर्धा ते एक तास तापवा. सुमारे ३० नॅनोमीटरचा पारदर्शक थर मिळतो. तो तापवायचा हवेतच. झिंक अ‍ॅसिटेटचे ऑक्साइड होण्यासाठी हवेतला ओलावा लागतो, ग्लोव्हबॉक्समध्ये (हवा आणि ओलावा नसलेली बंद पेटी) नेऊ नका.

प्लास्टिकच्या फिल्मवर ही कृती चालणार नाही. उष्णता सोसणारी पीईटी फिल्मसुद्धा १४० अंशांच्या पुढे आकसू लागते. तिथे झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची तयार शाई घ्या, ती १०० ते १४० अंशांत वाळते.

झिंक ऑक्साइडचा एक दोष माहीत असू द्या. अतिनील प्रकाशात ते वाय६ सारख्या अ‍ॅक्सेप्टरचे रेणू मोडते. दीर्घकाळ प्रकाशात ठेवायचे घट असतील तर ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारी फिल्म लावा किंवा टिन ऑक्साइडचा थर वापरा.

५. शाई बनवा, आणि ती पद्धतीला साजेशी बनवा

नव्याने येणारा माणूस शाईची कृती एका ठिकाणाहून घेतो आणि छपाईची पद्धत दुसरीकडून. हा या कामातला सर्वांत मोठा सापळा आहे. स्पिन कोटरवर उत्तम चालणारी क्लोरोफॉर्ममधली शाई ब्लेडखाली चालत नाही, कारण क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो. ब्लेड काचेच्या अर्ध्यावर पोहोचेपर्यंत मागचा थर वाळलेला असतो आणि ब्लेडच्या ओठावर पदार्थाची साय धरते. ती साय सुटली की थरावर रेघ उमटते.

उत्कलनबिंदू डोळ्यांसमोर ठेवा: टोल्युइन १११, क्लोरोबेंझीन १३२, ऑर्थो-झायलीन १४४, १,२,४-ट्रायमिथाइलबेंझीन १६९, ऑर्थो-डायक्लोरोबेंझीन १८० अंश. ब्लेड आणि स्लॉट-डायसाठी ऑर्थो-झायलीन हा चांगला मध्य आहे. त्यात क्लोरीन नाही, वाळण्याचा वेग ५० ते ८० अंशांत नीट जुळवता येतो, आणि पुढे मोठ्या यंत्रावर जाताना द्रावक बदलावा लागत नाही. क्लोरोबेंझीनवर सहा महिने घालवून मग द्रावक बदलायला बसणे म्हणजे जवळजवळ सगळे पुन्हा करणे.

संदर्भ घटासाठी, म्हणजे स्पिन कोटरसाठी, पीएम६ आणि वाय६ ची शाई अशी: प्रमाण १ : १.२, एकूण १६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. १ मिलिलिटर क्लोरोफॉर्मसाठी ७.३ मिलिग्रॅम पीएम६, ८.७ मिलिग्रॅम वाय६, आणि अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे जोडीला थोडेसे मिसळायचे द्रव, म्हणून १-क्लोरोनॅफ्थलीन ५ मायक्रोलिटर, म्हणजे ०.५ टक्के. तीन तास तरी ढवळा.

पी३एचटी आणि पीसीबीएमसाठी १ : १ प्रमाण, प्रत्येकी २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, क्लोरोबेंझीन किंवा ऑर्थो-झायलीन, ६० अंशांवर रात्रभर.

झायलीनमधल्या शाईबद्दल तीन इशारे:

पहिला, पी३एचटी थंड झायलीनमध्ये काही वेळाने जेलीसारखे घट्ट होते. बाटली तिरपी करून बघा. शाई भिंतीवरून उतरताना धागे सोडत असेल किंवा थबकत असेल तर पुन्हा ७० अंशांवर तापवून कोमट असतानाच वापरा. थंड शाई फिल्टरमध्ये घातली तर पॉलिमर फिल्टरमध्येच राहतो आणि प्रमाण बिघडते.

दुसरा, वाय६ झायलीनमध्ये कमी विरघळते. लांब किंवा फांदीदार बाजूसाखळ्या असलेले त्याचे भाऊबंद जास्त चांगले विरघळतात. मोठ्या पृष्ठभागासाठी तेच घ्या.

तिसरा, पॉलिमरची नवी बाटली उघडली की जुने आकडे विसरा. रेणुभार बदलला की शाईचा दाटपणा बदलतो, आणि त्याबरोबर जाडीही. बाटलीवरचा लॉट क्रमांक प्रत्येक नोंदीत लिहायचाच.

६. स्पिन कोटरवर संदर्भ घट करा

या पद्धतीत बहुतांश शाई भिंतीवर उडून वाया जाते आणि ही पद्धत फिल्मच्या लांब रोलवर कधीच जाणार नाही. तरीही प्रत्येक नव्या शाईचे पाच-सहा घट आधी स्पिन करून घ्या. पुढे ब्लेडचा घट कमी पडला तर दोष पदार्थात आहे की थर लावण्यात, हे त्याशिवाय कळणार नाही.

वरची पीएम६ शाई ३००० आरपीएमवर ३० सेकंद, मग ११० अंशांवर १० मिनिटे. जाडी आरपीएमच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते: जाडी निम्मी करायची तर वेग चौपट. म्हणून ३००० वरून ३३०० केल्याने फारसे काही होत नाही. मोठा फरक हवा असेल तर शाईतल्या पदार्थाचे एकूण प्रमाण (मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) बदला.

७. ब्लेड आणि मग स्लॉट-डाय

ब्लेड कोटिंगमध्ये थोडी शाई ब्लेड आणि काच यांच्यामधल्या फटीत सोडतात आणि ब्लेड ओढतात. २५ मिलिमीटरच्या काचेला २० ते ३० मायक्रोलिटर पुरते. स्पिन कोटरपेक्षा शाई कितीतरी कमी लागते, आणि इथे शिकलेले बहुतेक सगळे स्लॉट-डायला उपयोगी पडते. वेळ कुठे घालवायचा असे विचाराल तर इथे.

सुरुवातीला प्लेट ६० अंशांवर, फट २०० मायक्रॉन, वेग १० मिलिमीटर प्रति सेकंद ठेवा. शाईचे प्रमाण १६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल आणि सुक्या पदार्थाची घनता १.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, तर १०० नॅनोमीटरच्या सुक्या थरासाठी ८ मायक्रॉनचा ओला थर हवा. २०० मायक्रॉनची फट आणि ८ मायक्रॉनचा थर, हे पाहून गोंधळू नका. पातळ शाईत ओल्या थराची जाडी फटीवर कमी आणि वेगावर जास्त अवलंबून असते. ब्लेड ओढताना मागे जो वळलेला द्रवाचा काठ तयार होतो तो थर ओढून घेतो, आणि त्याची जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. वेग दुप्पट केला की जाडी १.६ पट, ५ वरून ४० केला की चौपट.

पहिल्या दिवशी याच चार काचा करा: ५, १०, २०, ४० मिलिमीटर प्रति सेकंद. प्रत्येकीची जाडी मोजा आणि आलेख काढा. वेग फार कमी केलात, म्हणजे मिलिमीटर प्रति सेकंदाच्याही खाली, तर आलेख उलटा वळतो: वेग कमी तशी जाडी जास्त, कारण द्रवाचा काठ सरकण्याआधीच तिथे पदार्थ साचत जातो. सौर घटासाठी त्या भागात काम करू नका, थर पट्ट्यापट्ट्यांचा येतो.

आता ओला थर वाळताना बघा. दिवा तिरपा धरून बघितले तर ब्लेड गेल्यावर थर आधी एकसारखा चकाकतो. मग कडेकडून गुलाबी-हिरव्या रंगाचे पट्टे आत सरकत येतात; थर पातळ होतो आहे, त्याची ही खूण. पट्टे मध्यभागी पोहोचून थांबतात आणि त्याच क्षणी रंग एकदम गडद होतो. ब्लेड गेल्यापासून रंग गडद होईपर्यंतचे सेकंद मोजा आणि लिहून ठेवा. हा एकच आकडा घटाबद्दल जितके सांगतो तितके दुसरा कुठलाच सांगत नाही. उद्या खोली थंड असली, द्रावक बदलला, नायट्रोजनचा झोत लावला, तरी हे सेकंद जुळवले की थर बहुतेक वेळा जुळतो.

वाळायला फार वेळ लागला तर दोन्ही पदार्थ एकमेकांपासून दूर होत मोठी बेटे बनवतात. थर दुधी दिसू लागतो आणि प्रवाह पडतो. फार लवकर वाळला तर रेणूंना रांगेत बसायला वेळ मिळत नाही, फिल फॅक्टर (व्होल्टेज-प्रवाहाचा वक्र किती चौकोनी आहे ते सांगणारा आकडा) खाली येतो. ऑर्थो-डायक्लोरोबेंझीनमधला पी३एचटी हळू वाळवलेला आवडतो, वाय६ च्या कुळाला सहसा लवकर वाळलेले मानवते. १-क्लोरोनॅफ्थलीन किंवा डायआयोडोऑक्टेन यांसारखी जड अ‍ॅडिटिव्ह शेवटपर्यंत थरात रेंगाळतात. ती पूर्ण निघाली नाहीत तर घट प्रकाशात लवकर खराब होतो. म्हणून ब्लेडवर तापमान आणि झोत जुळवून अ‍ॅडिटिव्हशिवाय काम भागत असेल तर ते घालूच नका.

कडा जाड आणि मध्य पातळ होत असेल तर कारण बहुधा कडेला होणारे जलद बाष्पीभवन असते. प्लेट काचेपेक्षा मोठी ठेवा, कडेला दोन रिकाम्या काचा लावा, आणि घट मधल्या भागातच करा.

स्लॉट-डायमध्ये शाई पंपाने मोजून येते आणि जाईल तेवढी थरात जाते. त्यामुळे जाडीचा हिशेब अगदी सरळ आहे:

ओल्या थराची जाडी = शाईचा प्रवाह ÷ (पट्टीची रुंदी × वेग)

समजा पट्टी २५ मिलिमीटर रुंद, वेग १ मीटर प्रति मिनिट आणि हवा तो ओला थर ८ मायक्रॉन. प्रवाह निघतो ०.२ मिलिलिटर प्रति मिनिट. १६ मिलिग्रॅमच्या शाईने सुका थर ९८ नॅनोमीटर. १० मीटरच्या पट्टीला २ मिलिलिटर शाई, म्हणजे ३२ मिलिग्रॅम पदार्थ. मात्र नळी आणि हेड भरायला लागणारी शाई वेगळी. पदार्थ मोजकाच असेल तर नळी शक्य तितकी आखूड ठेवा.

हिशेब बरोबर असूनही थर बिघडतो, तेव्हा दिसणाऱ्या खुणांवरून कारण शोधा. पट्टी तुटून बारीक धारा पडत असतील तर वेगाच्या मानाने प्रवाह कमी आहे किंवा हेडखालची फट जास्त आहे. हेड खाली आणा. पट्टी शिमपेक्षा रुंद होऊन कडेने वाहत असेल तर प्रवाह जास्त आहे किंवा खालचा थर शाईला फारच ओढून घेतो आहे. चालण्याच्या दिशेला आडवे, समान अंतरावरचे पट्टे म्हणजे पंपाच्या स्क्रूचे धक्के. सिरिंज लहान घ्या म्हणजे स्क्रू जोरात फिरेल आणि धक्के जवळजवळ येऊन विरून जातील. एकच सलग रेघ असेल तर ओठावर कण किंवा बुडबुडा अडकला आहे. थांबा, पुसा, हेड उभे धरून हवा काढा. रेघ चालू ठेवून ‘पुढे जाईल’ असे कधीच होत नाही.

हेड समांतर आहे का, हे फीलर गेजने दोन्ही टोकांना बघा. सुरुवातीचा आणि शेवटचा काही सेंटिमीटर भाग मोजणीत धरू नका.

८. वरचे थर

प्रयोगशाळेत मॉलिब्डेनम ऑक्साइड ७ ते १० नॅनोमीटर आणि चांदी १०० नॅनोमीटर निर्वातात चढवा. संदर्भ घटासाठी हेच योग्य.

पूर्ण छापील घटात इथे पेडॉट-पीएसएस येते, आणि ते अडून बसते. पाण्यातली शाई आणि तेलकट सक्रिय थर. पाणी गोळा होऊन बाजूला होते. शाईत आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा आणि अगदी थोडे सरफॅक्टंट घाला. तरीही भोके राहत असतील तर सक्रिय थरावर अगदी हलका प्लाझ्मा देतात, पण सेकंद जास्त झाले तर सक्रिय थरच जळतो. पेडॉट-पीएसएसची बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. एकदा गोठली की कण पुन्हा सुटत नाहीत.

त्यावर चांदीची जाळी स्क्रीन प्रिंटिंगने. इथला सापळा पेस्टमधल्या द्रावकाचा आहे. तो पेडॉटच्या बारीक भोकांतून झिरपून सक्रिय थर विरघळवतो आणि चांदी खालपर्यंत पोहोचते. छापण्याआधी एका सुट्या सक्रिय थरावर त्या पेस्टच्या द्रावकाचा थेंब ठेवून मिनिटभराने पुसा. रंग उडाला तर ती पेस्ट नको.

९. इंकजेट, ग्रॅव्ह्यूर, स्प्रे

इंकजेटने हव्या त्या आकाराचा घट छापता येतो, पण शाई नोझलसाठी वेगळी जुळवावी लागते. २१ मायक्रॉनच्या नोझलला साध्या सेंद्रिय शाईचा दाटपणा, म्हणजे १-२ मिलिपास्कल-सेकंद, कमी पडतो. मुख्य थेंबामागून बारीक थेंब उडतात. ट्रायमिथाइलबेंझीन किंवा टेट्रालिनसारखा जड द्रावक मिसळतात, तो नोझलही वाळू देत नाही. ग्रॅव्ह्यूर आणि फ्लेक्सो ही कारखान्याची यंत्रे आहेत. सिलिंडर कोरायचा खर्च आणि लागणारी शाई बघता नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. स्प्रेचा थर खडबडीत येतो, सक्रिय थरासाठी तो टाळलेलाच बरा.

१०. घटाची रुंदी

मोठा पृष्ठभाग छापता येतो म्हणून घट रुंद करायचा नसतो. १५ ओहम प्रति चौरस आयटीओवर १० मिलिमीटर रुंद पट्टीचा घट केला, आणि प्रवाह २० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, व्होल्टेज ०.६५ व्होल्ट धरले, तर नुसत्या आयटीओच्या रोधात सुमारे १५ टक्के वीज जाते. पट्टी ५ मिलिमीटरची केली की हा तोटा ४ टक्क्यांवर येतो, कारण तो रुंदीच्या वर्गाने बदलतो. ५० ओहमच्या प्लास्टिक फिल्मवर मात्र ५ मिलिमीटरलाही सुमारे १३ टक्के जातात. म्हणूनच मॉड्यूलमध्ये अरुंद पट्ट्या एकामागून एक मालिकेत जोडतात.

११. मोजा आणि रोग ओळखा

एएम १.५जी प्रकाश (सूर्यप्रकाशाचा प्रमाणित वर्णपट), १०० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, २५ अंश. मास्कशिवाय घेतलेला आकडा कोणालाही सांगू नका. लहान घटात कडेचाही प्रवाह मिसळतो आणि कार्यक्षमता फुगते. मास्कचे भोक घटापेक्षा थोडे लहान हवे.

पीएम६-वाय६ मध्ये व्होल्टेज ०.८३ च्या आसपास, प्रवाह २५ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरजवळ आणि फिल फॅक्टर ७० टक्क्यांच्या वर अपेक्षित आहे. पी३एचटीला ०.६ व्होल्ट.

• व्होल्टेज आणि फिल फॅक्टर दोन्ही पडले: शॉर्ट. अंधारातला व्होल्टेज-प्रवाह वक्र काढा. शून्याच्या दोन्ही बाजूंना सरळ रेघ दिसली तर खात्री झाली. धूळ, भोके, टोचलेली संपर्क पिन, या क्रमाने तपासा.
• वक्राला इंग्रजी एस सारखी कंबर: इलेक्ट्रोडजवळचा थर अडवतो आहे. झिंक ऑक्साइड असेल तर घट सिम्युलेटरखाली काही मिनिटे ठेवून पुन्हा मोजा. कंबर गेली तर ऑक्साइडला चिकटलेला ऑक्सिजन होता.
• फक्त प्रवाह कमी: थर पातळ, किंवा जाळी जाड झालेली. जाडी मोजा आणि वाळण्याचे सेकंद संदर्भाशी ताडून बघा.
• फक्त फिल फॅक्टर कमी आणि वक्राचा शेवट आडवा पडलेला: मालिका रोध. आयटीओची पट्टी, चांदी, संपर्क.

एका काचेवरचा सर्वांत चांगला घट लिहून बाकीचे सोडून देऊ नका. छपाईत खरा आकडा सरासरीचा आणि चालू घटांच्या टक्केवारीचा असतो.

१२. सीलबंद करा

हे शेवटचे काम समजून पुढे ढकलू नका. ज्या दिवशी घट तयार होतो त्याच दिवशी करा. ग्लोव्हबॉक्समध्ये यूव्ही इपॉक्सीने वर काच चिकटवा, घटाच्या भोवती निदान ५ मिलिमीटरची कड सुटू द्या, आणि इपॉक्सी सेट करताना घटाचा भाग अतिनील प्रकाशापासून झाका. ओले इपॉक्सी सक्रिय थराला लागू देऊ नका. तेही थर खाऊ शकते. सील करण्याआधी आणि नंतर लगेच मोजणी करा, नाहीतर नंतरची घसरण कशामुळे झाली ते सांगता येणार नाही.

टिकाऊपणाचे आकडे जमवायचे असतील तर २०११ साली ठरलेल्या आयएसओएस पद्धती वापरा. सुरुवातीला दोनच पुरेत: डी-१, म्हणजे अंधारात खोलीच्या हवेत ठेवलेले घट, आणि एल-१, म्हणजे दिव्याखाली ठेवलेले घट. दोन्हीसाठी एकाच दिवशी, एकाच शाईतून छापलेल्या काचा घ्या, आणि प्रत्येक काचेवर शाईचा लॉट, काचेवरचे तापमान आणि वाळण्याचे सेकंद हिऱ्याच्या पेनने कोरून ठेवा.